इंदूकाकीचा हात

हे मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही. नवऱ्याला नाही, जिवाभावाच्या मैत्रिणीला नाही. देवापुढे हात जोडतानादेखील मी या एका गोष्टीपाशी थबकते आणि मग तिला वळसा घालून पुढे जाते — उंबऱ्यात कुणी निजलेले असावे आणि त्याला जाग येऊ नये म्हणून आपण पाऊल उचलून टाकावे, तशी. आज तुम्हाला सांगते आहे. तुम्हालाच का? तुम्ही माझ्या माणसांपैकी कुणाला ओळखत नाही, एवढेच कारण असेल कदाचित.

कुठून सुरू करू? वासापासूनच करते. माझ्या साऱ्या आठवणी आधी नाकाशी येतात, डोळ्यांना त्या मागाहून दिसतात. ही आठवण येते ती तापलेल्या व्हार्निशचा आणि करपलेल्या रबराचा वास घेऊन — आणि त्यात, अगदी खालच्या पट्टीत, ताज्या झेंडूचा तुरट गंध. पन्नास वर्षांच्या आसपास होत आली. तरी दसऱ्याला दारात तोरण बांधताना माझे बोट मध्येच थांबते. घरातल्यांना वाटते, सुई टोचली.

अठ्ठ्याहत्तर सालच्या सुमाराची गोष्ट. आम्ही साताऱ्याला, किल्ल्याच्या पायथ्याशी राहत होतो; वडील लष्करातून निवृत्त होऊन आले होते. आत्याचे घर सांगलीला. या दोन घरांत प्रत्येकी एक डबा होता, आणि त्या दोन डब्यांवरून आम्ही मुले एकमेकांच्या जिवावर उठलो होतो. जिवावर — हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही.

डबा म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचे यंत्र. तेव्हा त्याला नीटसे नावही नव्हते. वडिलांचे एक मित्र बोटीवर नोकरीला होते, त्यांनी आमचा डबा आणला. पडद्यावर दोन पांढऱ्या दांड्या आणि त्यांच्यामध्ये धावणारा एक पांढरा चौकोनी ठिपका. बस्स, एवढाच खेळ. पण ठिपका दांडीवर आदळला की डब्याच्या पोटातून आवाज येई — टुक. भिंतीवर आदळला की जरा जाड — टोक. डोळे मिटून ऐकले तर लांबवर कुणी लाकडी पाट ठोकतो आहे असे वाटावे. मला त्या आवाजाचे वेड होते. कवितेतल्या यतीसारखा तो नेमका जागेवर पडे.

दिलीपचा — माझ्या आत्येभावाचा — डबा त्याच्या थोरल्या भावाने परदेशातून आणलेला. त्याला आवाज नव्हता, अजिबात नव्हता. पण त्याच्याबरोबर पातळ, पारदर्शक, रंगीत पडदे आले होते. ते टीव्हीच्या काचेवर ठेवले की आपोआप चिकटत. चिकटताना चर्र असा बारीक आवाज होई आणि हातावरची लव उभी राही. हिरवा पडदा मैदानाचा, निळा समुद्राचा, लाल पडदा एका मोठ्या चक्राचा. ठिपका तोच पांढरा, पण हिरव्याखाली तो पोपट होई आणि लालखाली निखारा.

सुट्टीत भेट झाली की पहिल्या तासातच जुंपायची. दिलीप म्हणायचा, "तुमचा डबा म्हंजी चिमणी हाय गं. नुसती टुकटुक करती, दिसत काय न्हाई." मी म्हणायची, "आणि तुमचा? रंग फासून बसलेला बहुरूपी. तोंडातनं शब्द न्हाई." त्याच्या गल्लीतली पोरे आमचा डबा न बघताच त्याला नावे ठेवत. माझ्या साताऱ्याच्या मैत्रिणी सांगलीचे नाव काढले की नाक मुरडत. सज्ञान होत आलेली मुले आम्ही — आणि एका मुक्या खेळण्यासाठी आठवडेच्या आठवडे अबोला धरत होतो. तुम्हाला हसू येते आहे? मलाही यायचे. पुढे यायचे बंद झाले.

आता इंदूकाकी.

ती आत्याची धाकटी जाऊ. दिलीपची काकी, म्हणून माझीही काकी. तिचे यजमान युद्धात गेले तेव्हा ती तिशीच्याही अलीकडे होती. तेव्हापासून तिची लुगडी फिकट होत गेली — आधी राखी, मग साईच्या रंगाची, मग जवळजवळ पांढरी. बोलणे हळू. पण तिच्या हातात काहीतरी होते. परदेशी डबा त्या घरच्या टीव्हीला जोडला की चित्र ठरत नसे; पाण्यावरून पान वाहून जावे तसे ते खाली खाली घसरत राही. टीव्हीच्या पाठीमागे एक बारीक बटण होते. ते केसाएवढे फिरवावे लागे — जरा जास्त झाले की चित्र उलटे वर पळे. दिलीपला ते जमत नसे, मला तर नाहीच. काकी पाठीमागे हात घाली, डोळे मिटल्यासारखे करी आणि चित्र थांबे. "काकीचा हात लागल्याबिगर पेटी चालत न्हाई," असे त्या घरात सगळेच म्हणत. आत्यासुद्धा म्हणे. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ते विसरण्याचा फार प्रयत्न केला आहे.

सांगलीला तेव्हा टीव्हीवर काही दिसतच नसे. आमच्याकडे साताऱ्याला गच्चीवर पाइपला पाइप जोडून अँटेना उंच केली होती, हवा स्वच्छ असली की पुण्याकडच्या काही सावल्या तरी हलत. सांगलीला नुसत्या मुंग्या — काळ्या-पांढऱ्या, सळसळणाऱ्या. आत्याचे यजमान, ज्यांना आम्ही मामा म्हणत असू, त्यांनी हौसेने मुंबईहून टीव्ही आणला आणि सगळ्या गावाची थट्टा सोसली. डबा आला तेव्हा कुठे त्या टीव्हीला काम मिळाले.

पण काकीला त्या मुंग्याही आवडत. दुपारी घर निजले की ती टीव्ही लावी, डबा न जोडता, आणि काचेवर लाल पडदा चिकटवी. मग मुंग्या लाल होत. खोलीभर लाल उजेड थरथरत राही. मी एकदा दारातून पाहिले — तिचे पांढरे लुगडे लाल झाले होते, आणि लाल उजेड तिच्या कपाळावर पडला होता. ती काही करत नव्हती. मांडीवर हात ठेवून नुसती बसली होती.

हे मी पाहिले होते. तरीही.

त्या वर्षी दसऱ्याला मी आमचा डबा टॉवेलात गुंडाळून, एस.टी.त मांडीवर धरून, कराड-इस्लामपूर-आष्टा करत सांगलीला नेला. ठरले होते असे, की दसऱ्याच्या संध्याकाळी सोने द्यायला सगळी गल्ली घरी येईल, तेव्हा टीव्हीला एकच डबा जोडायचा. जो जोडला जाईल तो जिंकला. आणि कुठला जोडायचा हे इंदूकाकीने ठरवायचे, कारण ती कुणाची बाजू घेत नसे. मी वाटेत मनात ठरवूनच टाकले होते, की ती माझाच निवडेल. माझी वेणी तीच घालत असे. मी पाठ केलेल्या कविता तीच ऐकत असे. माझा डबा वाजू लागला की मान डोलावत असे.

अष्टमीच्या दुपारी तिने दोन्ही डबे जोडून पाहिले. मग माझ्या हनुवटीला हात लावून म्हणाली, "तुझ्या डब्याचा आवाज लय गोड हाय गं शालन. पर गल्लीला रंग बघू दे."

एवढेच. कुणी कानशिलात मारावी तशी मी उभी राहिले. दिलीप हसला, चिमणीसारखा टुकटुक करत अंगणात गेला. माझ्या तोंडात लोखंडाची चव आली — ओठ चावला गेला होता.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. तुम्हाला ठाऊकच आहे, त्या दिवशी घरातले प्रत्येक हत्यार धुऊन-पुसून पाटावर मांडतात आणि त्याला विसावा देतात. उसाचे कोयते, खुरपी, शिलाईचे मशीन, मामांची स्कूटर, माळ्यावरची इंदूकाकीच्या यजमानांची लष्करी ट्रंक — आणि त्या वर्षी टीव्ही आणि दोन्ही डबे. सगळ्या वायरी सोडवलेल्या. जमिनीखालच्या हळदीच्या पेवांचा उग्र, पिवळा वास तसाही त्या गावाच्या हवेत असतो. त्यात ओल्या लोखंडाचा आणि झेंडूचा वास मिसळला.

आत्या कुंकवाचा करंडा घेऊन आली, तेव्हा दिलीप म्हणाला, "काकी, आपल्या डब्याला तूच लाव."

आत्याचा हात हवेत थांबला. ती वाईट बाई नव्हती, हे मला इथे सांगितलेच पाहिजे. तिला फक्त भीती वाटली. "व्हय, पर —" ती म्हणाली. मामा कॉटवरून म्हणाले, "लावू दे की. तिच्या हाताबिगर ती पेटी कवा चालली हाय?"

आत्याने करंडा पुढे केला. काकीने बोट बुडवले. किती वर्षांनी? तिने डब्याच्या एका कोपऱ्यात, दिसेल न दिसेल असा, कुंकवाचा कण टेकवला आणि वर दोन थेंब पाणी शिंपडले. मग सगळे कोयत्यांकडे वळले. मी मात्र तिच्याकडे पाहत होते. ती आपले लाल बोट पाहत होती. पुसत नव्हती.

आणि मग दसरा. आता आणखी वळसे नकोत, नाही का?

आमचा डबा सेलवर चाले, पण दिलीपच्या डब्याला आपली वीज चालत नसे, ती निम्मी करून द्यावी लागे. त्यासाठी मामांनी कुपवाडच्या एका कारखान्यातून ओळखीने एक ठोकळा बनवून आणला होता — विटेएवढा, जड, चालू असला की मधमाश्यांसारखा घुमणारा. त्याच्या पाठीवर दोन सारखीच भोके होती. एकातून निम्मी वीज येई, त्याच्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिलेला. दुसऱ्यातून पूर्ण वीज. उन्हाळ्यातच दिलीपने मला बजावले होते, "ठिपक्याच्यात घालायची पिन. दुसऱ्यात घातलीस तर डबा भाजून निघंल." मला ठाऊक होते. हे मी पुन्हा सांगते — मला ठाऊक होते. मी गोंधळले नव्हते. अंधार नव्हता. घाई नव्हती.

दुपारी वायरी पुन्हा जोडायला घेतल्या. दिलीप काचेवर लाल पडदा बसवत होता. काकीनेच लाल निवडला होता. काकी टीव्हीच्या पाठीमागे, बटणापाशी हात ठेवून सज्ज होती. "शालन, पिन घाल गं," दिलीप म्हणाला. मी टेबलाखाली बसले. फरशी गार होती. ठोकळ्यावर झेंडूची एक पाकळी पडली होती. पांढरा ठिपका मला स्वच्छ दिसत होता. मला आजही ज्याचा धक्का बसतो तो हा, की मनात काहीच आले नाही. राग नव्हता, सूडही नव्हता. माझी बोटे ठिपक्यापाशी गेली, थांबली, आणि शेजारच्या भोकाकडे सरकली — इतकी अलगद, की ती माझी नसावीत असे वाटावे. पण ती माझीच होती. पिन सहज आत गेली. मी बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिले.

दिलीपने भिंतीवरचे बटण दाबले.

ठोकळा नेहमीसारखा घुमला. चित्र उमटले. लाल, घसरते. काकीने बटण फिरवले आणि ते थांबले. दिलीप हसला. मला क्षणभर वाटले, काहीच होणार नाही — आणि खरे सांगू? सुटल्यासारखे वाटले. मग डब्याच्या आत बारीक काहीतरी तडकले, भाजत्या हरभऱ्यासारखे. वास आला. कोपऱ्यातल्या फटीतून, जिथे कुंकू टेकवले होते तिथूनच, धुराची एक बारीक रेघ वर आली. चित्र गेले. काचेवर लाल मुंग्या सळसळू लागल्या.

कुणी हलले नाही. हलले ते मीच. मी टेबलाखाली गेले आणि पिन उपसली. तिचा पितळी भाग पोळत होता. घाबरून केले, की खूण पुसायला केले? मला उत्तर माहीत आहे, म्हणून विचारते आहे.

"पोरगी धीराची हाय," मामा मागून म्हणाले. "पिन वडली म्हणून बरं. न्हाईतर घर पेटलं असतं."

मी बाहेर आले तेव्हा आत्या काकीच्या हाताकडे पाहत होती. डब्याकडे नाही, ठोकळ्याकडे नाही — हाताकडे. ती अगदी हळू, जवळजवळ स्वतःशीच म्हणाली, "मला वाटलंच हुतं."

तेवढे तीन शब्द. मग दिलीपने डबा उघडला. कोपऱ्यात कुंकवाचे कण होते, पाण्याबरोबर आत ओघळलेले. त्याने ते बोटावर घेतले आणि काकीकडे पाहायचे टाळले. पाणी आत गेले असेल, असे काहीतरी पुटपुटला. मी श्वास धरून उभी होते. आता कुणीतरी ठोकळा पाहील, आता कुणीतरी विचारील, पिन कुठल्या भोकात होती. कुणीच विचारले नाही. विचारायची गरजच कुणाला उरली नव्हती. तो हात समोर होता ना.

काकीने तो हात पदराखाली घेतला. "माझ्याच हातनं झालं," ती म्हणाली. रडली नाही. एखादा जुना हिशेब जुळावा तशी तिची मान हलली. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला तो तेव्हा — डबा जळला म्हणून नाही. तिला ते किती पटकन पटले, ते पाहून.

मी तोंड उघडायला हवे होते. जीभ टाळूला चिकटली होती, असे म्हणू? नव्हती चिकटली. संध्याकाळी मी छान बोलत होते.

कारण संध्याकाळी माझा डबा लागला. मी जिंकले होते. गल्ली सोने घेऊन आली, आपट्याची पाने हातोहात फिरली, पोरे दाटीवाटीने बसली आणि खोलीभर माझा लाडका आवाज पडू लागला — टुक, टोक. बाया दारातच एकमेकींच्या कानाला लागत होत्या. "तिनं कशाला हात लावला म्हंते मी," असे एकीचे बोलणे मी ऐकले. आणि चित्र घसरत होते. दिलीपने बटण पिळले, मामांनी पिळले. ते घसरतच राहिले. शेवटी दिलीपने स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "काकी, जरा हात लाव की गं."

आतून भांडे ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "न्हाई रं बाळा. आता मी न्हाई हात लावत."

ती पुन्हा कधीच हात लावायला आली नाही. टीव्हीला नाही, आणि हळूहळू कशालाच नाही. बारशाला ती पाळण्यापासून लांब उभी राही. पापड सगळ्यांबरोबर लाटी, पण पहिला कधी लाटत नसे. नवे लुगडे कुणी दाखवले तर मान डोलावी, घडीला बोट लावत नसे. कुणी तिला तसे सांगितले होते असेही नाही. तिने आपल्या हाताचा तो निकाल मान्य केला होता आणि निमूट भोगत होती. लाल पडदा दिलीपने कुठे ठेवला, मी विचारले नाही. माझे शिक्षण झाले, मी कविता वाचल्या, शब्दांचे वजन कळू लागले — आणि सांगलीला गेले की मी तिच्या हातचा चहा घेऊन, ख्यालीखुशाली बोलून परत येत असे.

तुम्हाला वाटेल, लहान होते, भ्याले. ठीक. मग हे ऐका.

माझे लग्न साताऱ्याला झाले. मुंडावळ्या बांधून, हळदीने ताठरलेले ओठ घेऊन मी वडीलधाऱ्यांच्या पाया पडत होते. इंदूकाकी मांडवाच्या कडेला, खांबाच्या आड उभी होती. मी मुद्दाम तिच्यापाशी गेले. वाकले. माझ्या डोक्यावर हात पडेल म्हणून थांबले — तोच हात, जो माझी वेणी घालत असे. पडला नाही. मी वर पाहिले, तर तिने दोन्ही हात पदराखाली घट्ट धरले होते आणि ती हसत होती. माझी समजूत काढावी तशी हसत होती.

"माझा हात नगं गं तुझ्या डोईवर," ती म्हणाली. "त्या डब्याचं काय झालं, तू बघितलंस न्हवं?"

सनई क्षणभर थांबली होती. आमच्या आसपास कुणी नव्हते. तिनेच दार उघडून दिले होते. मला फक्त दोन शब्द बोलायचे होते आणि ते हात पदराबाहेर आले असते. मी सत्तावीस वर्षांची होते. माझ्याकडे भाषेची पदवी होती. तिच्या अंगाला साबणाचा आणि लोणकढ्या तुपाचा वास येत होता. ती माझ्याकडे पाहत होती, मी हो म्हणेन म्हणून.

मी म्हणाले, "बरं, काकी."

आणि पुढच्या माणसाच्या पाया पडायला वळले.